दुखतंय त्याला

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात शिवलीलाच्या घरात रोज एकाच गोष्टीवरून वाजायचं : आलोकचा तांब्या. सात वर्षांचं पोरगं दिवसभर हातात तांब्या घेऊन फिरायचं आणि घोट घोट पाणी प्यायचं. गल्लीत टँकर कधी यायचा, कधी यायचा नाही. वरच्या मजल्यावर क्लासच्या पोरी भाड्यानं राहत होत्या, त्यांनाही पाणी पुरवावं लागे. आणि इकडं हा गडी पिंपाचं झाकण काढून खुशाल तांब्या बुडवायचा.

"पाण्याचं याड लागलंय त्याला," सासूबाई, नीलम्मा, म्हणायच्या. "झाकणावर पाटा ठेव गं."

शिवलीलानं पाटा काही ठेवला नाही. "तहान लागत असंल, आत्या." पण एवढी तहान कशी लागते, हे तिलाही सांगता येत नव्हतं.

आलोक बोलत नव्हता. तो तीन वर्षांचा असताना पुण्याला नेऊन दाखवलं होतं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ऑटिझम म्हणून सांगितलं. घरी रडारड झाली, नवससायास झाले, मग हळूहळू सगळ्यांना सवय झाली. शिवलीलाला तर पोरगं आवडायचंच, होतं तसं. संध्याकाळी गल्लीतली दुकानं बंद होताना शटरं खडखडत खाली आली, की आलोक दोन्ही हात पंखांसारखे उडवायचा आणि घशातून लांब कूक काढायचा. ती कूक चौकापर्यंत जायची. शटरवाले हसून हात करायचे.

गेल्या वर्षभरात मात्र कूक कमी झाली आणि किंचाळणं वाढलं. जेवून उठला, की थोड्या वेळानं तो ओट्याच्या कडेवर छाती दाबून उभा राहायचा. मान मागं टाकायचा, अंग धनुष्यासारखं वाकवायचा. मग गळ्याखाली, बरगड्यांच्या मधोमध, मुठीनं ठोसे मारायला लागायचा आणि ओरडायचा. धरायला गेलं तर स्वतःच्या मनगटाला चावायचा. आडवा म्हणून व्हायचा नाही. भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपायचा, आणि कुणी उचलून गादीवर टाकला, की किंचाळत उठायचा. शर्टाच्या कॉलरा चावून चावून त्यानं सगळे शर्ट फाडले होते.

लातुरातल्या डॉक्टरांकडं तिनं हे सगळं सांगितलं. डॉक्टर तसे वाईट नव्हते. बाहेर माणसं दाटलेली असायची आणि त्यांच्याकडं वेळ नसायचा, एवढंच. ते म्हणाले, "ऑटिझममध्ये असतं असं. स्वतःला मारणं, चावणं. शांत राहायची गोळी चालू आहे ना, ती वाढवू."

गोळी वाढली. आलोक दिवसा पेंगायला लागला. भूक मात्र राक्षसासारखी वाढली. भाकरी, भात, चिप्स, समोर येईल ते खायचा आणि खाल्ल्यावर आणखी ओरडायचा. पुन्हा डॉक्टर, पुन्हा तेच उत्तर. रात्री झोपत नाही? ऑटिझम. खाऊन रडतो? ऑटिझम. शिवलीलाला वाटायला लागलं, की या एका शब्दानं सगळ्यांची सोय झालीय. त्या शब्दाच्या पलीकडं कुणी बघायलाच तयार नव्हतं.

नवऱ्याला, रुद्रेशला, तिनं बोलून दाखवलं, "अहो, हे वागणं नव्हं. त्याला काहीतरी दुखतंय."

रुद्रेश ट्यूशन एरियातल्या मोठ्या क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचा. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा त्या वर्षी सगळा घोळ झाला होता. कुठली परीक्षा धरायची, हे पोरांना कळत नव्हतं आणि मास्तरांनाही. पहाटे निघालेला माणूस दिवेलागणीनंतर परत यायचा, तो घसा बसवून. "डॉक्टरला कळत न्हाई का लीला?" एवढं बोलून तो डोळे मिटायचा.

एका रविवारी रामकिशन आले. वरच्या खोलीतल्या वैष्णवीचे वडील, मुदखेडचे, रेल्वेतले. पोरीला खाऊ द्यायला आले होते, पण वर जाण्याआधी खालीच बसले. नीलम्मांनी चहा दिला. तेवढ्यात आत आलोकचं सुरू झालं. किंकाळी, धपधप, पुन्हा किंकाळी. शिवलीला त्याला पाठीमागून मिठी मारून उभी होती. त्याच्या मुठी तिच्या हातांवर पडत होत्या.

ती बाहेर आली तेव्हा रामकिशन कपाकडं बघत म्हणाले, "ताई, राग मानू नका. आमची पोर जिवाचं रान करून राहिली. परीक्षा तोंडावर आली. रात्री दोनदा दचकून उठते म्हणते. याला एखाद्या संस्थेत ठेवत का नाही? किनवटकडं हाय म्हणतात एक, निवासी."

नीलम्मा चटकन म्हणाल्या, "मी बी तेच सांगून राहिले. रुद्रेशाला पत्ता बी दिलाय."

शिवलीलानं नवऱ्याकडं बघितलं. रुद्रेश कोपऱ्यात पेपर तपासत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. म्हणजे पत्ता खरंच त्याच्या खिशात होता.

"भाऊ," ती रामकिशनना म्हणाली, "तुमच्या वैष्णवीचं पोट दुखलं तर तुम्ही काय करता? दवाखान्यात नेता, का किनवटला सोडून येता?"

"आता याचं कुठं पोट दुखतंय..."

"दुखतंय त्याला. कुठं, ते मला अजून सापडलं न्हाई. सापडंस्तोवर तो माझ्यापासून हलणार न्हाई. आवाजाचा त्रास होत असंल तर पोरीसाठी दुसरी खोली बघा. मी आडवी येणार न्हाई."

रामकिशन उठून वर गेले. नीलम्मा भांडं आपटत म्हणाल्या, "गिऱ्हाईक हाकलायला लागली ही आता!" रुद्रेश एवढंच म्हणाला, "जरा नीट बोलता आलं असतं." दुसऱ्या दिवशी शिवलीलानं पिशवी भरली आणि आलोकला घेऊन नांदेडची एसटी धरली.

तिचे वडील मलप्पा नांदेडला विष्णुपुरीच्या रस्त्यावर किराणा दुकान चालवायचे. मूळचे किल्लारीच्या बाजूचे. भूकंपात बायको, थोरला मुलगा, घर, सगळं एकाच पहाटे गेलं, तेव्हा सहा वर्षांच्या शिवलीलाला कडेवर घेऊन ते गाव सोडून निघाले होते. तिकडं पुन्हा घर बांधायचं नाही, ही त्यांची जिद्द. कॉलेजच्या पोरांना बिस्किटं आणि साबण विकून त्यांनी लेक शिकवली, वाढवली.

"आलीस, बरं केलंस," ते म्हणाले. कशाला आलीस, हे विचारलं नाही. आलोकला त्यांनी दुकानात आपल्या शेजारी बसवलं आणि मुठीत चिवडा दिला.

चिवडा खाताना आलोकचा पुढचा दात मोडला. शेंगदाण्यावर चावला आणि दाताची कड बिस्किटासारखी तुटून तळहातावर पडली. पोरगं रडलं नाही, आश्चर्यानं तुकड्याकडं बघत बसलं. मलप्पांनाच धक्का बसला. "अगं, नुकता आलेला दात हाय त्यो. शेंगदाण्यानं मोडंल?"

जवळच दातांचा नवा दवाखाना होता. डॉक्टर सौदामिनी तरुण होती, परभणीकडची. शिवलीलानं दारातच सांगून टाकलं, "हा खुर्चीवर बसणार न्हाई, तोंड उघडणार न्हाई, बोलत बी न्हाई. बघायचं असंल तर बघा, न्हाईतर आत्ताच सांगा."

"मग आपण खुर्चीवर बसायलाच नको," डॉक्टर म्हणाली आणि सरळ फरशीवर बसली. तिनं छोटा आरसा आपल्याच तोंडात घातला, स्वतःचे दात बघितले, हसली, मग तो धुऊन आलोकच्या हातात दिला. आलोकनं आरसा उलटासुलटा केला, त्यात पंखा बघितला, चाटून बघितला. वेळ गेला. बाहेर दुसरा पेशंट खोकत होता. डॉक्टर हलली नाही. शेवटी आलोकनं आपणहून आ केला.

तिनं नीट बघितलं. मग शिवलीलाला जवळ बोलावून आरशातून वरच्या दातांची मागची बाजू दाखवली. दात मागून झिजले होते. गुळाचा खडा चोखून ठेवावा तसे गुळगुळीत, पिवळे, पातळ.

"गोड खाऊन कीड लागते ती अशी नसते," ती म्हणाली. "हे आम्लानं झालंय. आणि पुढून नाही, आतून. याला उलट्या होतात का?"

"न्हाई. कधीच न्हाई."

"बाहेर येत नसेल. पोटातलं घशापर्यंत वर येत असेल आणि हा परत गिळत असेल. सारखं पाणी पितो का?"

 शिवलीलाही फरशीवर बसली. मग एकेक करून सगळं सांगितलं : तांब्या, ओट्याची कड, मागं टाकलेली मान, बसून झोपणं, गळ्याखालचे ठोसे. सांगता सांगता तिला कळत गेलं, की पोरगं वर्षभर बोलतच होतं. बोट ठेवून नव्हे, मूठ मारून सांगत होतं, की इथं, इथं जळतंय.

"मी दातांची डॉक्टर आहे," सौदामिनी म्हणाली. "पोटाचं नक्की मी सांगू शकत नाही. पण हे बघितल्यावर कुणीतरी आत बघायलाच हवं."

लहान मुलांचे डॉक्टर श्रीपाद जोशी वयस्कर होते आणि मोजकं बोलायचे. त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. आधी खूप प्रश्न विचारले. ओरडणं जेवणानंतर किती वेळानं? आडवं केल्यावर वाढतं का? तोंडाला आंबट वास येतो का? शौचाला खडा होतो का? रात्री काय खातो? शिवलीला भराभर सांगत होती. ती गोळी, तिनं वाढलेली भूक, हेही सांगितलं.

"बोलणारं मूल असतं, तर छातीत जळजळ होते म्हणालं असतं आणि आपण तिथूनच सुरुवात केली असती," डॉक्टर म्हणाले. "न बोलणाऱ्या मुलाचं अंग वाचावं लागतं. मला वाटतं तुम्ही म्हणता ते खरं असावं. आधी औषध देऊन बघू."

आम्ल कमी करणारं औषध सुरू झालं. कॅप्सूल आलोक गिळत नव्हता, म्हणून ती फोडून आतले बारीक दाणे केळ्याच्या घासात द्यायचे, सकाळी उपाशीपोटी. थोडं थोडं खाणं, तिखट आणि चहा बंद, रात्रीचं जेवण लवकर, पलंगाची उशाकडची बाजू विटा लावून वर. पहिल्या आठवड्यात काही फरक दिसेना. नीलम्मांचा फोन आला, "कधी यायची हायस? का तिथंच राहती आता?" मग एक दिवस जेवण झाल्यावर शिवलीला वाट बघत राहिली आणि ओरडणं आलंच नाही. दुसऱ्या दिवशी आलं, पण थोडकं. ठोसे कमी झाले. मात्र पुरते थांबेनात.

डॉक्टर जोशी म्हणाले, "फरक आहे, पण पुरेसा नाही. आत जखम किती आहे, दुसरं काही आहे का, ते आता दुर्बिणीनं बघावं. त्यासाठी भूल द्यावी लागेल. इथले पोटाचे डॉक्टर करतील, मी सोबत असेन."

भूल म्हटल्यावर रुद्रेश फोनवर चिडला. "डोकं फिरलंय का तुझं? औषधानं कमी होतंय ना? मग त्याला बेशुद्ध करून नळ्या घालायच्या कशासाठी? उद्या काही झालं तर? इथं सगळे मला विचारून राहिले, बायको कुठं गेली म्हणून. गप घरी ये."

शिवलीला दुकानाच्या मागच्या खोलीत उभी होती. आवाज न चढवता ती म्हणाली, "अहो, एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली न्हाई. भूकंपात घराचं मातीचं माळवद कोसळलं, मी त्याच्याखाली होते. वरून माणसं माती उपसत होती, मला ऐकू येत होतं. पण तोंडात माती होती, हाक मारता येईना. लोक म्हणाले, इथं कुणी जित्तं न्हाई, आवाज न्हाई, म्होरं चला. अप्पा तिथंच ढिगावर बसले. म्हणाले, आवाज न्हाई म्हणून पोर न्हाई असं कोण म्हणतंय? मी उठत न्हाई, काय करायचं ते करा. मग त्यांना बसलेलं बघून लोकांनी उकरलं."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"लोक म्हणतात मी नशिबाची. नशीब-बिशीब काही नव्हतं. अप्पा हटले न्हाईत, एवढंच. आता मी बी हटणार न्हाई. तुम्ही आलात तर बरं वाटंल. न्हाई आलात तर सही माझी चालते, मी विचारून ठेवलंय."

सकाळी दवाखान्यात तिनंच सही केली. अक्षर नीट काढलं. मलप्पा आलोकला मांडीवर घेऊन बसले होते आणि दाराची कडी खडखड वाजवून त्याला हसवत होते. भूल द्यायला नेताना आलोकनं तिच्या पदराचं टोक सोडलं नाही, तेव्हा डॉक्टरांनी तिलाच आत घेतलं. तो झोपी गेल्यावर त्यांनी ती मूठ हळूच सोडवली.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर तिला खरी भीती वाटली. रुद्रेशचं खरं निघालं तर? आत काहीच नसलं तर? उगाच पोराला बेशुद्ध केलं, असं गावभर होईल. झालं तर होऊ दे, असं ती स्वतःलाच म्हणाली. काही नसलं तर तेही कळेल, मग दुसरीकडं शोधीन.

दार उघडलं तेव्हा जिन्यावरून रुद्रेश येत होता. क्लास सोडून, पहिली एसटी धरून आलेला, दाढी वाढलेली. दोघंही डॉक्टरांसमोर उभे राहिले. पडद्यावर चित्र होतं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला लाल, सोललेले पट्टे, जागोजागी पांढऱ्या जखमा.

"बराच काळ वर येतंय," पोटाचे डॉक्टर म्हणाले. "मोठ्या माणसाला एवढं झालं असतं तर त्यानं घर डोक्यावर घेतलं असतं. तुकडा तपासायला पाठवलाय, पण चित्र स्पष्ट आहे. औषधाचं प्रमाण वाढवू, काही महिने चालेल. जखमा भरतील."

रुद्रेश त्या लाल पट्ट्यांकडं बघत राहिला. रोज फळ्यावर आम्लाची समीकरणं लिहिणारा माणूस.  मग तो आत जाऊन पोराच्या उशाशी बसला आणि आलोक जागा होईपर्यंत तिथून उठला नाही. शिवलीलानं त्याला काही ऐकवलं नाही. ऐकवायचं खूप होतं, पण तिला आता झोप येत होती, वर्षभराची.

लातूरला परतल्यावर ती आधी जुन्या डॉक्टरांकडं गेली. ती पेंग आणणारी गोळी एकदम बंद करायची नाही, ज्यांनी दिली त्यांच्याच सल्ल्यानं कमी करायची, असं जोशींनी बजावलं होतं. तिनं टेबलावर दुर्बिणीचा फोटो ठेवला. डॉक्टरांनी तो उचलला, चष्मा सारखा करून बघितला.

"असू शकतं. पण ऑटिझम आहेच ना."

"हाय ना. तो राहणार. पण ऑटिझम असलेल्या पोराचं पोट बी दुखू शकतं, दात बी, कान बी. मी इथं तीनदा सांगितलं, की खाल्ल्यावर रडतो. तुम्ही एकदा बी त्याच्या तोंडात बघितलं न्हाई."

"मॅडम, बाहेर किती पेशंट आहेत बघितलं ना?"

"बघितलं. त्यांतल्या पुढच्या पोराचं तोंड तेवढं बघा."

डॉक्टरांनी फोटो तिच्याकडं परत सरकवला. गोळी कशी कमी करायची, ते मात्र त्यांनी नीट लिहून दिलं. बाहेर एक बाई आपल्या पोरीचे हात धरून बसली होती. पोरगी बाकाच्या पाठीवर डोकं आपटत होती. शिवलीला तिच्यापाशी थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "खाल्ल्यावर काय करती ते बघत जा बाई. झोपताना काय करती ते बघा. दात, कान, पोट, सगळं तपासून मागा. डॉक्टर न्हाई म्हणाले तर पुन्हा मागा."

कंपाउंडर धावत आला. "मॅडम, बोलायचं असलं तर बाहेर जा."

"जाते ना, हे संपवून," ती म्हणाली आणि त्या बाईला आपला फोन नंबर देऊनच निघाली.

पाऊस चांगला झाला, टँकर बंद झाले. आलोक आता तांब्या कुठंही टाकून विसरायचा. एका दुपारी जेवण झाल्यावर तो गार फरशीवर पाठीवर पडला, हातपाय पसरून, आणि पंख्याकडं बघत झोपी गेला. नीलम्मा भिंतीला धरून कितीतरी वेळ त्याच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी दोघींसाठी चहा ठेवला. किनवटचं नाव त्यानंतर त्या घरात कुणी काढलं नाही.

वैष्णवी परीक्षा देऊन गेली होती. नव्या वर्षाची पोरं शहरात उतरायला लागली. उदगीरचं एक जोडपं मुलीसाठी खोली बघायला आलं. नीलम्मा घाईनं सांगत होत्या, "शांत घर हाय. नातू आजारी होता, आता एकदम बरा झाला."

"आत्या, तो आजार बरा झाला," शिवलीला म्हणाली. "पोरगं होतं तसंच हाय." मग ती पाहुण्यांकडं वळली. "माझा मुलगा बोलत न्हाई. दुखलं तर रडतो आणि खुशीत आला की लांब कूक काढतो, मोठ्यानं. सगळ्या गल्लीला ऐकू जाते. मी त्याला गप करणार न्हाई. आधीच सांगितलेलं बरं."

तेवढ्यात समोरच्या दुकानाचं शटर खडखडलं आणि आतून कूक आली. लांब, लचकत गेलेली, मधेच हसू फुटलेली. पाहुण्यांनी एकमेकांकडं बघितलं. बाईनं पर्स काखेला लावली, उठावं की बसावं या विचारात.

 बोलल्या त्या नीलम्मा. कमरेला पदर खोचत, जरा गुर्मीतच.

"बसायचं असंल तर बसा. खोली बघायची असंल तर जिना तिकडं हाय. आमचं पोरगं असंच हाय."